मधली माणसं

रविवारी सकाळी साडेनऊला आमची मराठी शाळा भरते. न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतो. मागच्या नोव्हेंबरात मोठ्या गटाला, म्हणजे दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना, मी एक सोपं काम दिलं. घरी आई-बाबा तुमच्याशी मराठीत जे बोलतात, त्यातली दहा वाक्यं आठवून लिहा. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही, हेही सांगितलं. वीस मिनिटांत वह्या आल्या. सहावीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं:

ऊठ. आवर लवकर. दूध संपव. डबा घेतला का? शूज बाहेर काढ. फोन ठेव. अभ्यास झाला का? मराठीत बोल. आजी आहे, बोल. झोप आता.

ती वही मी बराच वेळ हातात धरून बसले. बाकीच्या वह्याही थोड्याफार फरकानं तशाच होत्या. त्या रात्री मी माझ्या लेकीच्या लहानपणची वाक्यं आठवून पाहिली. दहातली आठ हीच निघाली.

या वाक्यांत माया नाही असं मी म्हणणार नाही. दिवसभर काम करून आलेली आई 'दूध संपव' म्हणते, तेव्हा त्यात तिचा जीव असतो. पण एवढ्याच मराठीवर वाढलेल्या मुलीला 'मला मैत्रिणीचा हेवा वाटतो', 'मला आज वर्गात एकटं वाटलं', 'मी तुझ्यावर चिडले आहे पण तू जवळ बस' हे कोणत्या भाषेत म्हणता येईल? तसं बोलताना तिनं घरात कुणाला ऐकलेलंच नाही. मग मनातलं सगळं इंग्रजीत जातं आणि मराठीत उरतं ते उठणं, जेवणं आणि झोपणं. लिली वाँग फिलमोर या बर्कलीच्या अभ्यासिकेनं १९९१ साली स्थलांतरित घरांवर लिहिताना नेमका हाच धोका दाखवला होता. घरची भाषा मुलाच्या हातून सुटते, तेव्हा आईबापांचं अनुभवाचं, शहाणपणाचं बोलणं मुलापर्यंत पोचायची वाटच बुजत जाते.

पण खरी गोष्ट भाषेच्याही आधीची आहे, असं मला आता वाटतं. माझ्या आईची मराठीसुद्धा माझ्याशी बोलताना हुकमाचीच होती. सांगलीतल्या आमच्या घरात ती मला 'ऊठ, वेणी घाल, पाणी भर' यापलीकडे फारसं काही म्हणाल्याचं आठवत नाही. तरी माझी मराठी तेवढीच राहिली नाही, कारण घरात इतरही बोलणं चालू असायचं. मे महिन्यात वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळायला आई, काकू, आत्या आणि शेजारच्या वहिनी माजघरात बसायच्या. मी परातीत हात घालून बसलेली असायचे. धाकट्या काकूचं माहेरी जाणं का लांबलं, वहिनींना पुन्हा दिवस गेलेत तरी त्या गप्प गप्प का आहेत, असं सगळं बोलणं चालायचं. मधेच कुणीतरी म्हणायचं, 'तू जा गं खेळायला.' मी जायचे नाही. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, पण सगळं कानावर पडत होतं. मोठ्या बायकांना दुःख होतं, त्या रडतात, पुन्हा डोळे पुसून गहू चोळायला लागतात, हे मला तिथे कळलं.

आणि आईचा मार खाल्ला की मी आत्याकडे जायचे. आत्या काही बोलायची नाही. गुळाचा खडा हातावर ठेवायची आणि संध्याकाळी आईला एवढंच म्हणायची, 'जरा जास्तच झालं हं आज.' आई आणि मी यांच्यात असं कुणी ना कुणी असायचंच. आम्ही दोघी एकमेकींवर थेट आदळत नव्हतो.

हे सगळं गोड गोड होतं, असंही नाही. त्याच माजघरात काकूनं पुष्कळ सोसलं. आपल्यातल्या कित्येक जणी त्या गराड्यातून सुटलो म्हणून मनातून सुखावलेल्या आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण तो गराडा मागे टाकताना त्यातली आत्यासुद्धा आपण मागे टाकली. मी १९९८ साली एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, इथे आले आणि पुढच्या वर्षी माझी लेक झाली. एच-फोरवर नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. दिवसभर घरात मी आणि ती. तिची आई मी, आजी मी, आत्या मी, मराठीची बाई मी आणि तिच्यावर ओरडणारीही मीच. माझा राग आला तर तिनं कुणाकडे जायचं? तिला तिची खोली होती आणि खोलीला दार होतं. ते दार ती लावून घ्यायला लागली, तेव्हा मला वाटलं, हिला अमेरिका लागली.

आता जे सांगणार आहे, ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीची परवानगी घेऊन सांगते आहे.

२०१२ साल होतं. ती सातवीत होती. तिच्या खोलीत व्हॅक्यूम करताना व्हायोलिनच्या पेटीमागे पॅडचं पाकीट सापडलं, अर्धं वापरलेलं. मी खाटेवर बसलेच. ती शाळेतून आल्यावर कळलं की पाळी सुरू होऊन चार महिने झाले होते. पहिल्या दिवशी ती समोरच्या घरातल्या मैत्रिणीकडे होती. मैत्रिणीच्या आईनं सगळं समजावलं होतं, पाकीट आणून दिलं होतं आणि पुढेही देत होती. माझ्या तोंडून निघालं, "आणि मी काय मेले होते?"

ती इंग्रजीत म्हणाली, शांतपणे म्हणाली, तेच मला जास्त लागलं, "तू आजीला सांगितलं असतंस. आजीनं सगळ्यांना."

मला लगेच आठवलं. ती नऊ वर्षांची असताना पोहण्याच्या परीक्षेत घाबरून रडली होती. मी ते माझ्या आईला फोनवर सांगितलं होतं, कौतुकानंच. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या मामेभावानं फोनवर तिला विचारलं होतं, "काय गं, पाण्याला घाबरतेस म्हणे?" तेव्हा सगळे हसले होते, मीही. ती हसली नव्हती. ते तिनं चार वर्षं मनात ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सहा-सातला, आपल्या घराघरांतून जो फोन लागतो, त्याच्याकडे मुलीच्या जागी बसून एकदा पाहा. नाश्त्यावरून उठवून तिच्या तोंडासमोर स्क्रीन धरला जातो. पलीकडे पाच-सहा चेहरे असतात. किती उंच झाली, किती बारीक झाली, मराठी येतं का, श्लोक म्हणून दाखव, किती मार्क पडले. ती माणसं जीव लावणारी आहेत, त्यांचा जीव तिच्यासाठी तुटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिच्या वाट्याला येते ती आठवड्याची हजेरी. आत्यानं गूळ द्यायचा तो हातावर. तो फोनवरून देता येत नाही.

ते पाकीट सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी समोरच्या घरी गेले ते भांडायच्या तयारीनं. त्या बाईनं दार उघडलं, मला आत बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली की ती या दिवसाची वाटच बघत होती. "तिनं मला कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं. मी दर महिन्याला तिला विचारायचे, आईला सांगितलंस का? मला माझा शब्द मोडायचा नव्हता, पण तुमच्या जागी मी असते तर मलाही वाईट वाटलं असतं." मी भांडले नाही. घरी येऊन खूप रडले. माझ्या पोरीनं स्वतःच स्वतःला एक आत्या शोधली होती आणि त्या आत्यानं शब्द पाळला होता. मी नऊ वर्षांच्या पोरीचा पाळला नव्हता.

त्यानंतर मी आईला फोन केला आणि जड जिभेनं सांगितलं की लेकीचं काही तुला सांगितलं तर ते तुझ्यापाशीच राहू दे. आई दुखावली. दोन आठवडे धड बोलली नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ती सहा महिन्यांसाठी आली आणि तिची खाट आम्ही लेकीच्या खोलीत टाकली. एका रात्री पाणी प्यायला उठले तर त्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. आई सांगत होती, "तुझी आई आठवीत गणितात नापास झाली होती. प्रगतिपुस्तक कुठे लपवलं असेल सांग? तांदळाच्या डब्यात! मी भात टाकायला गेले आणि हाताला काय लागतंय बघते तर ते." आणि माझी लेक हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिचं तसं हसू ऐकलं. सकाळी डबा भरताना ती माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, तांदळाच्या डब्यात?" मराठीत म्हणाली.

फोनवर जी बातमी पसरवत होती तीच माझी आई एका खोलीत झोपायला लागल्यावर मधलं माणूस झाली. आई कधीकाळी मुलगी होती, घाबरट होती, खोटं बोलली होती, हे आई स्वतः मुलीला सांगत नाही. ते आजीनं सांगायचं असतं, मामानं, मावशीनं. आपल्या मुलींना आपण भेटतो ते एकदम पस्तीस वर्षांचे, सगळ्या परीक्षा पास झालेले, दोन सूटकेस घेऊन आलेले. अशा माणसांपुढे नापासाचा कागद कसा ठेवायचा? म्हणून आजी येते तेव्हा तिला नातीपाशी नुसती बसू द्या. तिच्याकडून श्लोक पाठ करून घ्यायचं काम आजीला देऊ नका.

आता वडिलांशी थोडं बोलते, कारण पुढची गोष्ट बापलेकीची आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तीन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर आलेली. धाकटा भाऊ इथे जन्मलेला. सोळाव्या वर्षी तिच्या सगळ्या मैत्रिणींनी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम धरलं. हिनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "आपल्याला काय गरज आहे असल्या दुकानात उभं राहायची? अभ्यास कर." त्यावरून वर्षभर घरात धुसफूस. ती मला म्हणायची, "ताई, बाबा मला बाहेर जाऊच देत नाहीत. दादागिरी आहे नुसती."

खरं कारण कायदा होता. ती एच-फोरवर होती. २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या काही जोडीदारांना एच-फोरवर काम करायची परवानगी मिळू लागली, मुलांना ती नाही. नोकरीच्या वाटेनं वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, हा १९९० च्या कायद्याचा हिशोब. त्यामुळे आपल्या लोकांची रांग किती लांब आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा एच-फोर संपतो. कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदतही त्याला मिळत नाही. त्या घरात एकाच टेबलावर जेवणारी दोन भावंडं होती. एकाला हा देश आपला म्हणत होता आणि दुसरीला नाही. आणि हे तिच्याखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीच्या डोक्याला ताप नको म्हणून बापानं स्वतःवर वाईटपणा घेतला होता.

माझ्या घरी चहाला आले असताना त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिला जपायला म्हणून गप्प आहात, पण तिच्या मनात तुम्ही आज शत्रू आहात. तिला सांगा. त्यांनी पुढच्या रविवारी गाडीत सांगितलं, पत्नी आणि मुलगा घरी असताना. गाडीत का, तर समोरासमोर बसून त्यांच्यानं झालं नसतं. रस्त्याकडे बघत बोलता येतं. ती रडली, भावावर उगाच दोन दिवस चिडली. मग एका संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसून तिनं विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?" ते हो म्हणाले. त्या घरातलं भांडण तिथे मिटलं. रांग अजून आहे.

म्हणून मी म्हणते, घरातल्या मोठ्या गोष्टी थोड्या मुलींच्या कानावर पडू द्या. नोकरीत काय झालं, दिराशी का बिनसलं, आज कशानं भरून आलं, हे नवराबायकोनं दार लावून किंवा इंग्रजीत कुजबुजत बोलण्यापेक्षा भाजी निवडताना मराठीत बोला. तिला समोर बसवून 'चल, आपण गप्पा मारू' म्हटलं तर ती पळेल. तिला तिथे नुसती असू द्या, फोनमध्ये डोकं घालून का होईना. ऐकत असते ती. तिच्यावर भार पडेल एवढं सांगू नका, तुमच्या सासूशी असलेल्या भांडणाचा निवाडा तिला करायला लावू नका. पण आईबाबा हरतात, चुकतात आणि एकमेकांची माफी मागतात, हे तिला कळू द्या.

आपण राहतो त्या उपनगरांत याची जास्तच गरज आहे. चांगल्या शाळांसाठी आपण इथे घरं घेतो. मूळच्या भारतातल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथार यांनी अमेरिकेतल्या अशाच सुखवस्तू उपनगरांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथल्या मुलांत चिंता, उदासी आणि व्यसनं अपेक्षेपेक्षा खूप जास्त दिसली. त्यांनी त्याची मुख्य कारणं दोन सांगितली होती, यशाचा धोशा आणि मोठ्यांपासून पडलेलं अंतर. आपल्या घरात धोशा आहेच, आणि मधली माणसं गेल्यामुळे अंतरही आहे. त्यातून मुलीचे कपडे, मुलीची वेळ, मैत्रिणीकडे रात्री राहायचं की नाही यावर जितकं बोलणं होतं, त्याच्या निम्मंही मुलावर होत नाही. मुली हा हिशोब फार बारीक ठेवतात आणि तो खरा असतो.

तिला एक आत्या मिळू द्या. ओक ट्री रोडवर वाणसामान घेताना भेटणारी, गणपतीला एकत्र मोदक वळणारी, तुमची एखादी मैत्रीण असेलच, जिच्याकडे मुलीचा कल आहे. समोरची अमेरिकन बाई असेल, शाळेची समुपदेशक असेल. मुलीला एकदाच स्पष्ट सांगा, "तू मावशीशी जे बोलशील ते मी विचारणार नाही." मावशीलाही सांगा की जिवाला धोका असेल तेवढंच मला कळव, बाकी तुझ्यापाशी. आणि मग खरंच विचारू नका. हे फार कठीण आहे. घरातलं बाहेर जातंय असं वाटतं, आपण कमी पडलो असं वाटतं. मला वाटलं होतं. पोर फारच मिटली, जेवण सोडलं, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलली तर मात्र मावशीवर थांबू नका, डॉक्टर गाठा. ९८८ हा नंबर जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे, फोन करा किंवा मेसेज, चोवीस तास. तो फ्रिजवर लावून ठेवायला लाज नको.

माझी लेक आता सव्वीस वर्षांची आहे, बोस्टनला असते. गेल्या महिन्यात माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचा फोन आला. तिची चौदा वर्षांची मुलगी रोज रात्री माझ्या लेकीला फोन करते, तासतासभर बोलते. काय बोलते ते घरी सांगत नाही. "तू जरा विचारून बघ ना तुझ्या पोरीला, आपल्यातच राहील." मैत्रिणीचा आवाज ऐकून मला राहवलं नाही. मी लेकीला फोन केला.

ती म्हणाली, "आई, घाबरण्यासारखं काही नाही. असतं तर मी स्वतः मावशीला फोन केला असता. बाकी सांगणार नाही."

मी मैत्रिणीला तेवढंच कळवलं. ती माझ्यावर रागावली आहे. पंधरा दिवस झाले, मेसेजला उत्तर नाही. काल मी डबाभर बेसनाचे लाडू तिच्या दारात ठेवून आले. आतून तिच्या मुलीचा आवाज येत होता, फोनवर कुणाशी तरी बोलत होती. मी बेल न वाजवता परत फिरले.